संप मिटविणार कोण?

सार्वजनिक वाहतुकीचा संप सुरू झाला की आपल्या सुशिक्षित समाजात दोनच प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, कामगार माजले आहेत, पुढाऱ्यांनी त्यांना बिघडविले आहे, तेव्हा सरकारने कायद्याचा बडगा उगारावा आणि गाड्या चालू कराव्यात. दुसरा पक्ष म्हणतो की, कामगाराची मागणी न्याय्य आहे, प्रवाशांनी चार दिवस कळ सोसावी. संप चौथ्या दिवशी मिटला तर दोन्ही पक्ष आपापली मते विसरून कामाला लागतात. परंतु चाळिसाव्या दिवशीही तो मिटला नाही म्हणजे एक तिसराच प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर या दोहोंपैकी कोणापाशीच नसते. हा संप मिटविण्याचा अधिकार कोणाला आहे? सरकारने बोलावे ते कोणाशी? आणि ज्याच्याशी बोलणे होईल त्याचा शब्द आगाराच्या दाराशी बसलेला चालक मानील, याची हमी कोणी द्यावी?

संघटना फार बलवान झाल्या म्हणून प्रवाशांचे हाल होतात, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. संघटनांवरचा सभासदांचा विश्वास उडाला आणि म्हणूनच प्रवाशांचे हाल लांबले, असे त्या अनुभवाकडे शांतपणे पाहणाऱ्या कोणासही दिसून येईल.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून या गाडीने महाराष्ट्राचे जे काम केले त्याचा हिशेब रुपयांत होणार नाही. करोनापूर्वीच्या काळात रोज साठ लाखांहून अधिक माणसे तिच्यातून प्रवास करीत. तालुक्याच्या शाळेत जाणारी मुलगी, दवाखान्याला निघालेली वृद्धा, बाजाराला भाजीची टोपली नेणारा शेतकरी या सर्वांना परवडणारे आणि वेळेवर दारात येणारे दुसरे वाहन नव्हते. अनेक गावांत आजही नाही. अडीचशे आगारे आणि नव्वद हजारांच्या घरात कर्मचारी असलेला हा संसार २०२१ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, ठप्प झाला आणि पुढे साडेपाच महिने तो पूर्णपणे सुरळीत झाला नाही. राज्याच्या वाहतुकीच्या इतिहासात असा संप यापूर्वी कधी झाला नव्हता.

या संपाचा आरंभच विचार करण्याजोगा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस विविध संघटनांच्या कृती समितीने आंदोलन पुकारले, सरकारशी बोलणी केली, महागाई भत्त्याच्या प्रश्नावर तडजोड मिळविली आणि आंदोलन मागे घेतले. नेहमीच्या रीतीने पाहिले तर प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. परंतु कामगारांनी ती तडजोड मानली नाही. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण झाल्याखेरीज कामावर जाणार नाही, असे म्हणून एकामागून एक आगार बंद पडत गेले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सर्व आगारांतील गाड्या उभ्या राहिल्या. संघटनांनी मिटविलेला संप संघटनांच्या सभासदांनीच चालू ठेवला. पुढे २० डिसेंबर रोजी, ज्या संघटनेने संपाची नोटीस दिली होती तिनेही मंत्र्यांशी बोलून संप मागे घेतल्याचे जाहीर केले. त्याचाही काही उपयोग झाला नाही. आझाद मैदानावर आणि आगारांच्या दाराशी बसलेल्या कामगारांनी आता कोणतीच संघटना आमची नाही असे सांगितले आणि नेतृत्वासाठी ते न्यायालयात बाजू मांडणाऱ्या वकिलाकडे पाहू लागले.

कामगारांच्या या संतापाला कारण नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा याच चालक-वाहकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचविले. मुंबईत लोकलगाड्या बंद असताना आवश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी दूरदूरच्या आगारांतून ते मुंबईस आले. त्याच काळात त्यांचे पगार मात्र वेळेवर होत नव्हते आणि सरकारी कर्मचाऱ्याच्या वेतनाशी त्यांच्या वेतनाची तुलनाच होऊ शकत नव्हती. संपाच्या आधी आणि संपकाळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या ज्या बातम्या आल्या त्या वाचून कोणाही सहृदय माणसास स्वस्थ राहवले नसते. सरकारने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी जी वेतनवाढ जाहीर केली तीच या तक्रारीचा पुरावा आहे. पहिल्या दहा वर्षांतील सेवकाच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे सेवा झालेल्याच्या वेतनात ४,००० रुपये आणि त्यापुढच्याच्या वेतनात २,५०० रुपये अशी ती वाढ होती. एवढी रक्कम एका फटक्यात द्यावी लागते याचा अर्थ ती कितीतरी आधी, टप्प्याटप्प्याने, द्यावयास हवी होती.

परंतु येथेच खरी शोकांतिका घडली. ती वाढ हा कामगारांचा मोठा विजय होता. जबाबदार आणि विश्वासू नेतृत्व असते तर त्याने हा विजय पदरात बांधून घेतला असता, विलीनीकरणाची मागणी समितीपुढे आणि न्यायालयापुढे चालू ठेवली असती आणि त्याच आठवड्यात गाड्या रस्त्यावर आणल्या असत्या. लढा कोठे थांबवावा हे ठरविणे हीच पुढारीपणाची अवघड कसोटी असते. ‘आज एवढे पुरे, बाकीचे पुढच्या वेळी’ असे आपल्या माणसांना सांगण्यास धैर्य लागते. आणि ते त्यांनी ऐकावे यासाठी आधी अनेक वर्षे मिळविलेली पत लागते. त्या दिवशी महाराष्ट्रात अशी पत असलेला एकही माणूस आणि एकही संस्था एसटी कामगारांमध्ये उरलेली नव्हती. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली. अखेर ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगितले आणि परतणाऱ्यांच्या नोकरीला संरक्षण दिले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी आंदोलकांचा एक जमाव शरद पवार यांच्या मुंबईतील निवासस्थानावर चालून गेला. नोव्हेंबरात जे हाती आले होते त्याहून फारसे अधिक काही एप्रिलमध्ये मिळाले नाही. मधल्या काळातील पगार मात्र गेले, आणि दीड वर्षाच्या टाळेबंदीनंतर नुकत्याच उघडलेल्या शाळांच्या वाटेवर गावोगावची मुले पुन्हा पायी चालली किंवा घरीच राहिली. त्या मुलांचे नाव मागणीपत्रात नव्हते, तसे सरकारी प्रसिद्धीपत्रकातही नव्हते.

आता याच्या शेजारी दुसरी दोन उदाहरणे ठेवून पाहू. ८ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत बेस्टच्या कामगारांनी संप केला. तो नऊ दिवस चालला. बेस्टच्या इतिहासातील तो सर्वांत दीर्घ संप होता आणि मुंबईकरांना त्याचा जाच थोडाथोडका झाला नाही. परंतु त्या संपाला एक संघटना होती आणि त्या संघटनेला सभासद मानीत होते. उच्च न्यायालयाला समोर बोलवावयास कोणी तरी होते. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींना मध्यस्थ नेमले, संघटनेच्या नेत्याने १६ जानेवारीस संप मागे घेतल्याचे सांगितले आणि गाड्या आगारांतून बाहेर पडू लागल्या. दुसरे उदाहरण एसटीचेच. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणेशोत्सव तीन-चार दिवसांवर आला असताना, संघटनांच्या कृती समितीने ३ तारखेस संप पुकारला आणि ४ तारखेस मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन तो मिटला. मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ एप्रिल २०२० पासून मान्य झाली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती म्हणून सरकारचा हात सैल झाला असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि सरकारने दिलेले घेऊन दोन दिवसांत गाड्या चालू करणारी अधिकृत मंडळी समोर होती, हेही तितकेच खरे आहे. तेच महामंडळ, तेच कामगार, तीच गरज. एकदा साडेपाच महिने आणि एकदा दोन दिवस. हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला संघटनेचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हा धडा नवा नाही. मे १९७४ मध्ये देशातील रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला. संप सुरू होण्यापूर्वीच, २ मे रोजी, त्यांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली आणि पाठोपाठ हजारो कामगार तुरुंगात गेले. तरीही संप ठरल्या दिवशी, ८ मे रोजी, सुरू झाला. आणि यश येत नाही हे दिसताच २७ मे रोजी कृती समितीने तो मागे घेतला. तो पराभव होता, पण शिस्तीने केलेली माघार होती. याच्या उलट, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. त्या संपाचे मूळही आमच्या आजच्या विषयाशी जुळणारे होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला होता, आणि सुमारे अडीच लाख कामगार मात्र दत्ता सामंत यांच्या मागे उभे होते. कायद्याला मान्य असलेली संघटना कामगारांना अमान्य आणि कामगारांना मान्य असलेला पुढारी कायद्याला अमान्य, अशा कोंडीत ती बोलणी अडकली. गिरणगावाचे पुढे काय झाले ते सांगण्याची गरज नाही.

संघटनाच नकोत, सर्व कामे ठेकेदारांकडे द्यावीत, म्हणजे संपाची कटकट मिटेल, असे मानणारा एक वर्ग आज वाढतो आहे. या वर्गाने ऑगस्ट २०२३ ची मुंबई आठवावी. बेस्टच्या ताफ्यातील अनेक गाड्या तोवर खासगी कंपन्यांच्या झाल्या होत्या आणि त्यांचे चालक त्या कंपन्यांचे नोकर होते. त्या चालकांनी वेतनासाठी काम थांबविले, आणि सुमारे आठवडाभर प्रवासी थांब्यांवर ताटकळत राहिले. गाडीवर नाव बेस्टचे. परंतु चालक म्हणे मला पगार कंपनी देते, आणि बेस्ट म्हणे चालक आमचा नोकर नाही. अखेर हे प्रकरणही मुख्यमंत्र्यांच्या दारापर्यंत न्यावे लागले. ठेकेदारीने संप टळला नाही. ज्याच्याशी बोलावे असा मालक आणि ज्याने बोलावे असा प्रतिनिधी मात्र दोन्ही धूसर झाले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना संघटना म्हटले की घोषणा, घेराव आणि खंडणी आठवते. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ज्या रविवारी ते हे वृत्तपत्र निवांतपणे वाचतात तो सुटीचा रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये मिळवून दिला. बँकांत, विमा कंपन्यांत आणि शाळांत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाची वेतनश्रेणीही संघटनेच्या बळावरच उभी राहिली आहे. स्वतःच्या संघटनेचे फळ खावे आणि बसचालकाच्या संघटनेस नावे ठेवावीत, हे सुशिक्षितपणाचे लक्षण नव्हे.

तथापि संघटनांनाही आरशात पाहण्याची वेळ आली आहे. एकाच महामंडळात अनेक संघटना, प्रत्येकीच्या मागे एक राजकीय पक्ष, सरकार बदलले की संघटनांची आक्रमकता बदलते, आणि पुढारी असा की ज्याने आयुष्यात कधी गाडीचे चाक हातात धरलेले नाही. सभासदाची वर्गणी घ्यावयाची, करार करताना त्याला विचारावयाचे नाही आणि तडजोडीचा कागद त्याने दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वाचावयाचा, ही रीत असेल तर त्या कागदास त्याने केराची टोपली दाखविल्यास नवल ते काय? २०२१ मध्ये कामगारांनी आपल्या पुढाऱ्यांना झिडकारले ते एका रात्रीत नव्हे. तो अविश्वास वर्षानुवर्षे साचलेला होता.

याबाबतीत कायदा काय सांगतो? संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाने मूलभूत मानला आहे. संप करण्याचा हक्क मात्र त्यात आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगून ठेवले आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने किमान ३० टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेस मान्यता मिळण्याची सोय केली. केंद्राची २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक केली आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी सामूहिक नैमित्तिक रजा घेणे हाही संपच ठरविला. अनेक संघटना असतील तेथे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करील, आणि तशी कोणतीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघटनांची मिळून परिषद होईल, अशी तिची योजना आहे. बोलणारा प्रतिनिधी एक असावा हे तत्त्व योग्यच आहे. परंतु आकड्यांच्या अटी वाढविल्याने विश्वास वाढत नाही. संपावर निर्बंध घालणारी कलमे जितक्या तत्परतेने वापरली जातात तितक्याच तत्परतेने खरा प्रतिनिधी निवडून देणारी कलमे वापरली गेली, तरच या संहितेचा प्रवाशाला उपयोग होईल. नाही तर नोटीस न देता, नेता न नेमता, नुसतेच घरी बसणारे कामगार पुन्हा दिसतील. आणि ज्या संपाला पुढारीच नाही त्याची नोटीस सरकार कोणाकडे मागणार?

म्हणून आमची सूचना अशी की, एसटी, बेस्ट आणि राज्यातील प्रत्येक शहराच्या परिवहन सेवेत वाटाघाटी करणारी संघटना कोणती हे ठरावीक मुदतीने, सर्व कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरवावे. वर्गणीच्या पावत्यांची मोजदाद हा विश्वासाचा पुरावा नव्हे. संप पुकारण्यापूर्वी सभासदांचे गुप्त मत घ्यावे, आणि तडजोड झाल्यावर तीही त्यांच्याच मताला टाकावी. ज्याने हात वर करून संप सुरू केला त्यालाच मत देऊन तो मिटविण्याची संधी मिळाली, तर तो निर्णय त्याचा स्वतःचा होतो. ठेकेदारांच्या चालकांनाही याच मतदानात स्थान असावे, कारण प्रवाशाच्या दृष्टीने गाडी एकच असते. आणि वाटाघाटी फसल्या तर दोन्ही पक्षांवर बंधनकारक असा लवाद, ठरलेल्या दिवसांत निर्णय देणारा, आधीपासूनच नेमलेला असावा. गाड्या बंद पडल्यावर मध्यस्थ शोधीत बसण्यात काय हशील?

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. एसटीचा वेतनकरार चार वर्षांचा असतो. एप्रिल २०२० पासूनची वाढ सप्टेंबर २०२४ मध्ये, तीही संप झाल्यावर, मान्य झाली. म्हणजे कराराचा काळ संपून गेल्यावर करार झाला! विद्यार्थी, वृद्ध, स्त्रिया यांना प्रवासात सवलती देऊन लोकप्रियता सरकारने मिळवावयाची, त्यांचा बोजा महामंडळाने उचलावयाचा आणि पगार लांबला म्हणजे चालकाने समंजसपणा दाखवावयाचा, ही वाटणी न्यायाची नाही. सवलतींचे पैसे महामंडळास ठरल्या तारखेस मिळावेत आणि जुना करार संपण्यापूर्वी नव्याची बोलणी सुरू व्हावीत. रांगेत उभे राहून काही मिळत नाही आणि रस्ता अडविला की लगेच मिळते, हे ज्या सरकारने कामगारांना स्वतःच्या वर्तनाने शिकविले त्यास पुढे बेशिस्तीबद्दल बोलण्याचा अधिकार राहत नाही.

प्रवाशाला संघटना नाही, मागणीपत्र नाही, कृती समिती नाही. त्याच्या वतीने आम्ही एवढेच मागतो की, कामगार आणि सरकार यांचे भांडण झाले तर ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना अधिकाराची माणसे बसवून व्हावे. सरकारच्या बाजूस शब्द देऊन तो वेळेवर पाळणारा मंत्री हवा आणि कामगारांच्या बाजूस त्यांनीच मत देऊन निवडलेला पुढारी हवा. पुढचा वेतनकरार केव्हा ना केव्हा येणारच आहे. तो येण्यापूर्वी हे मतदान घ्यावे आणि लवाद नेमावा. हे काम एका वर्षाचेही नाही. ते हाती घेण्यास मात्र पुढच्या दिवाळीत गाड्या थांबण्याची वाट पाहू नये.